सकाळची गोळी

प्रिय शिट्टी,

या खेपेला ‘तुझं पत्र नाही, काळजी वाटते’ असलं काही लिहिणार नाही. तुझं पत्र येत नाही याची मला आता सवय झाली आहे. खरं सांगायचं तर मध्यंतरी मी रागावले होते, चांगली फुगून बसले होते. म्हटलं, मुलाच्या घरी गेली, मोठ्या शहरात गेली, आता हिला गल्लीतली माणसं कशाला आठवतील! म्हणून मीही लिहायचं बंद केलं. दोघींचा हट्ट, सुखी झाला तो फक्त पोस्टमन. पण परवा दुपारी तुझ्या सूनबाईचा फोन आला. तिनं एकच प्रश्न विचारला आणि त्या साध्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर काही देता येईना. ‘पत्रात लिहिते, तूच त्यांना वाचून दाखव,’ असं सांगून मी फोन ठेवला. तेव्हा हे पत्र ती तुला वाचून दाखवणार आहे. मध्ये मध्ये ‘पुढे काय, पुढे काय’ करून तिला भंडावू नकोस. आणि सूनबाई, तू सावकाश वाच गं. तुझ्या सासूला घाईनं उरकलेली कुठलीच गोष्ट चालत नाही. एका पोरानं उडी आळसावून मारली म्हणून तिनं अख्ख्या वर्गाला मैदानाची फेरी मारायला लावलेली आहे.

आधी गल्लीच्या बातम्या. तुझ्या जागेत नवराबायको राहायला आलेत. दोघंही घरूनच काम करतात, कानाला यंत्र लावून दिवसभर खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालतात आणि भिंतीशी भांडल्यासारखं बोलतात. पोरं चांगली आहेत, पण तुझ्या कुंड्यांना पाणी घालायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. मी भिंतीवरून माझ्या नळीनं घालते. एकदा नेम चुकला आणि त्याच्या वाळत घातलेल्या शर्टाला अंघोळ झाली, तेव्हापासून तो मला पाहिलं की हसतो. बेकरी आहे तिथेच आहे. छापखाना बंद झाला. आणि माझं औषधाचं दुकान, म्हणजे ज्या फळीमागे उभं राहून मी निम्मा जन्म काढला ते दुकान, आता काचेचं झालंय. आत गार हवा, माणसं गप्प. परवा माझ्याच गोळ्या आणायला गेले होते. तिथला नवा माणूस चिठ्ठी बघतो, मग संगणकाचा पडदा बघतो, माणसाकडे काही बघत नाही. पट्टीवर पेननं लिहून देण्याचीही पद्धत गेली. आठवतं ना, मी प्रत्येक पट्टीवर लिहून द्यायची? १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ते लिहिताना मी विचारायची, काय आजी, झोप लागते का, सून बोलते का? आता लेबल छापून येतं. बरोबर असतं ते, चूक नसते त्यात.

मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तू मला कधी खोटं बोलू दिलेलं नाहीस. साखर वाढली आहे, रक्तदाबही. डॉक्टरीणबाई म्हणजे कोण, तर जिला मी लहानपणी खोकल्याचं औषध चमच्यानं चाटवलं तीच पोरगी. आता चष्मा लावून मला दम देते. म्हणाली, मावशी, गोळ्या आता वाढवत नाही, तुम्ही सवयी वाढवा. रोज चालायचं, वेळेवर आणि बसून जेवायचं, ठरल्या वेळेला झोपायचं, चार माणसांत मिसळायचं. नाहीतर पुढच्या खेपेला सुई. सुईचं तुला माहीत आहे. लोकांना सुया विकताना माझा हात कधी थरथरला नाही, पण मला कुणी टोचणार म्हटलं की माझी गाळण उडते. मी तिला म्हटलं, बाई गं, हे सगळं मी लोकांना सांगत आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ती हसली नाही. म्हणाली, मग आधी कशा चालत होतात? तुमच्या जुन्या तपासण्या तर छान आहेत. मी म्हटलं, तेव्हा वेगळं होतं. तिनं लिहून घेतलं की काय कोण जाणे, पण पुढे काही विचारलं नाही.

तेव्हा काय वेगळं होतं, ते तुला सांगायला नको, पण सूनबाईला ठाऊक नाही, म्हणून सांगते. तिनं तुला आजारी पडल्यावरच जवळून पाहिलं. तुझे यजमान गेल्यावर तू आमच्या गल्लीत राहायला आलीस. मुलगा तेव्हा लांब शिकत होता. मी तर पहिल्यापासून एकटीच. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं, आईवडील होते तोवर ते जाणवलं नाही. तू शाळेत कवायत शिकवायचीस आणि गळ्यात शिट्टी घालून बाजारहाटही करायचीस. एका पोरीचा पाय मुरगळला म्हणून मलम घ्यायला तू दुकानात आलीस. मी ते काढायला शिडीवर चढून वरच्या फळीकडे हात नेला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन शिडीवरून सरळ तुझ्या अंगावर आले. शुद्धीवर आले तर तू मला पाणी द्यायचं सोडून माझा डबा उघडून बघत होतीस. डब्यात दोन बिस्किटं आणि एक डोकेदुखीची गोळी. तू म्हणालीस, हे जेवण आहे? बाई, तुम्ही औषधं विकता की खाता? आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं गोळी. मी तुला लगेच शिट्टी म्हणून फेड केली. तुला मुलं बाई म्हणायची, मला लोक मॅडम म्हणायचे, पण गल्लीच्या कोपऱ्यापासून पुढे आपण गोळी आणि शिट्टी. सूनबाई, तुझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नसेल. त्याच्यासाठी मी औषधवाली मावशी. तो सुट्टीला यायचा तेव्हा शिट्टी एकदम पोक्त बाई व्हायची.

दुसऱ्याच दिवशी उजाडायच्या आत तू माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिलीस. मला उठवायला तू काय करावंस? शिट्टी वाजवलीस! नुसती नाही, सामना सुरू करताना वाजवतात तशी, लांबलचक. सगळी गल्ली खिडकीत आली. समोरचे म्हातारबुवा चोर चोर म्हणून काठी घेऊन खाली उतरले आणि तू त्यांनाच विचारलंस, रोज चालता का? किती तो अपमान झाला त्यांचा! त्यानंतर शिट्टीला बंदी आली आणि कडी सुरू झाली. फाटकाची कडी दोनदा भराभर, थोडं थांबून मग एकदा. आणि त्यानंतर दबक्या आवाजात, ए गोळी. मी आतून ओरडायची, आले गं, आले! तेव्हा मी पांघरुणातच असायची आणि ते तुलाही माहीत असायचं. पण ‘आले गं’ ऐकल्याशिवाय तू कडी सोडत नसायचीस. एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही तर तू वाजवतच राहिलीस, शेवटी मलाच लाज वाटली.

मग बेकरी, छापखाना, पाण्याची टाकी, पूल आणि परत. तुझे नियम काय काय होते! टाच आधी, मग चवडा. खांदे मागे. पुलापर्यंत आजाराचं नाव काढायचं नाही. पुलावर पोचल्यावर कण्हायचं असेल तेवढं कण्हून घ्यायचं, पण परत फिरताना ते पुलावरच ठेवून यायचं. मी म्हणायची, अगं, माझं सगळं बोलणंच आजारांचं, मी पुलापर्यंत बोलू काय? म्हणून मला माणसांबद्दल बोलायची सवय लागली. बेकरीवाल्याचं लग्न आपण दोघींनी चालता चालताच जमवलं, त्याला पत्ता नव्हता. मग घरी आल्यावर तू माझ्या ओट्याशी उभी राहून मला बसून खायला लावायचीस. उभ्यानं घोडे खातात, गोळी. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही उभ्यानं घास घेतला तर तुझा आवाज येतो. मी त्या आवाजाला सांगते, तू आधी पत्राला उत्तर दे, मग मला शिकव.

शेवटच्या वर्षी तू पुलावर तीच तीच गोष्ट सांगायला लागलीस, आंतरशालेय स्पर्धेत काठी मोडून पडलेल्या मुलीची. मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची. चांगली गोष्ट दोनदा ऐकली तर बिघडलं कुठे? मग एकदा तू भर दुपारी कडी वाजवलीस. उन्हात, बूट घालून, पदर खोचून. मी खिडकीतून म्हटलं, शिट्टे, घड्याळ विकलंस का? तू हसलीस. पण हसण्याआधी क्षणभर तू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस, ती ओळख हरवलेली नजर मी औषधाच्या दुकानात फळीपलीकडून पुष्कळ वेळा पाहिलेली होती. त्या रात्री मी जेवले नाही. पुढे गॅस उघडा राहिला, मुलगा गाडी घेऊन आला. सामान त्यानं भराभर भरलं. तू गाडीत बसलीस आणि काच खाली करून मला म्हणालीस, उद्या जरा लवकर निघू, ऊन वाढलंय. मुलानं मान फिरवली. मी म्हटलं, हो, लवकर निघू.

तू गेल्यावर मी आठवडाभर इमानदारीत चालले. बेकरी, छापखाना, टाकी, पूल. पुलावर उभं राहून कण्हायला गेले तर कण्हणं येईना. एकटीनं कण्हायचं म्हणजे कुणाला ऐकवायचं? पाण्याला? मग एक दिवस पाऊस म्हणून राहिलं, एक दिवस गुडघा म्हणून, आणि मग कारणही लागेना. कुणी विचारत नसेल तर माणूस कारण तरी कशाला शोधेल! डॉक्टरीणबाईनं दम दिल्यावर मी पुन्हा कंबर कसली. भाचीनं तिचा जुना मोबाइल पाठवला, त्यात पावलं मोजतात. मी तो खुर्चीत बसून हलवून पाहिला, तर त्यानं माझं अभिनंदन केलं! असल्या गाढवाबरोबर कोण चालेल? मग बागेतल्या हसण्याच्या वर्गाला गेले. तिथे एक निवृत्त साहेब हात वर करून ‘हसा’ म्हणतात आणि सगळे हसतात. मी तोंड उघडलं आणि माझ्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या बाई थांबल्याच. म्हणाल्या, तुम्हाला बरं नाही का? पुन्हा गेले नाही. डॉक्टरीण म्हणते, नवी सवय जुन्या एखाद्या सवयीच्या शेपटाला बांधायची, म्हणजे ती आपोआप मागे येते. दात घासले की चाला, चहा झाला की चाला. मी बांधून पाहिलं. दात घासले, चहा प्याले आणि बसून राहिले.

खरी गोष्ट सांगू? मला पहाटे त्याच वेळेला जाग येते. घड्याळ नाही, गजर नाही, अंधारातच डोळे उघडतात आणि मी कान देऊन पडून राहते. बेकरीचं शटर वर जातं ते ऐकू येतं. पाण्याची मोटर सुरू होते. टाकीवरची कबुतरं. मग मी उठते आणि पलंगाच्या कडेला बसून एक बूट घालते. दुसरा हातात धरते. आणि तशीच बसते. किती वेळ ते माहीत नाही, पण उजेड फरशीवरून पायापर्यंत येतो. मग तो एक बूट काढते आणि दोन्ही परत पलंगाखाली सारते. दिवसाचं पहिलं काम झालं. त्यानंतर दिवसभर मी कुणाशी बोलले तर भाजीवालीशी, तेही कोथिंबिरीवरून. काल संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून तोंडातून शब्दच निघालेला नाही, म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, बरं मग! घर इतकं रिकामं आहे की माझा मलाच दचका बसला. जेवते ओट्याशी, उभ्यानं. हो, घोड्यासारखी. एकटीसाठी ताट घ्यायचं, वाढायचं, बसायचं आणि समोर भिंत. त्यापेक्षा उभ्यानं बरं, निदान कुठेतरी जायचं आहे असं तरी वाटतं.

तेव्हा डॉक्टरीणबाईच्या प्रश्नाचं उत्तर मला आता सापडलंय. आधी कशा चालत होतात म्हणे! मी चालतच नव्हते. चालायची सवय मला कधी लागलीच नाही. मला लागली होती ती तुझ्या कडीची सवय. पाय आपले तिच्यामागून जायचे. मी इतकी वर्षं समजत होते की मी कष्टानं अंगी बाणवलेली चांगली सवय तुझ्या जाण्यानं मोडली. मोडलं काहीच नाही. ती सवय माझी नव्हती, आपली होती, आणि अर्धी तू घेऊन गेलीस. कळत होतं तरी मनातून मला फार राग यायचा की तू तिकडे मजेत असशील, नव्या रस्त्यांवर खांदे मागे घेऊन चालत असशील, तुझी अर्धी तू विसरलीही असशील. विसरलीस असं मी किती सहज म्हणायची, शिट्टी. त्या शब्दाची आता मला भीती वाटते.

कारण परवा सूनबाईचा फोन आला. बिचारी फार दमलेली होती. तिनं सांगितलं, तू कधीकधी मुलाला ‘अहो’ म्हणून हाक मारतेस आणि तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. तिला ताई म्हणतेस. नातवंडांची नावं सांगावी लागतात. मग ती म्हणाली, मावशी, तुम्ही औषधांच्या दुकानात होतात म्हणून तुम्हाला विचारते. आई तुमच्याकडे होत्या तेव्हा रोज पहाटे कुठली गोळी घ्यायच्या हो? जुन्या कुठल्याच चिठ्ठीवर सकाळची गोळी नाही. पण रोज अंधारात उठतात, बूट चढवतात, कधी उलटे, आणि फाटकापाशी जाऊन गोळी मागतात. गोळी, ए गोळी, असं हळू आवाजात म्हणतात आणि फाटक धरून हलवतात. आम्ही रक्तदाबाची दिली, थुंकून टाकली. जीवनसत्त्वाची दिली, ती फेकली. डॉक्टरांनी झोपेची वाढवली, तर त्या झोकांड्या खात फाटकापाशी गेल्या. शेजारी तक्रार करतात. पळून जातील म्हणून आम्ही फाटकाला कुलूप घातलं, तर कुलूपच आपटतात, परवा हाताला लागलं. ह्यांनी एक संस्था बघितली आहे, तिथे उंच भिंती आहेत आणि परिचारिका आहेत. मला नाही पाठवायचं हो त्यांना, पण ती गोळी कुठली ते कळलं तर... आणि ती रडायला लागली. मी विचारलं, फाटक कसं हलवते गं? ती म्हणाली, कसं म्हणजे? कडी वाजवतात. दोनदा भराभर, मग थांबून एकदा.

सूनबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. ती गोळी दुकानात मिळत नाही. तुझी सासू कुठे पळून चाललेली नाही, ती मला उठवायला आली आहे. मी ‘आले गं’ म्हणत नाही म्हणून ती वाजवत राहते, तिची पहिल्यापासूनची खोड आहे ती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असं आपण चिडून म्हणतो. मी दोन दिवस तेच वाक्य मनात घोळवते आहे आणि मला ते आशीर्वादासारखं वाटतंय. नवऱ्याला सांग, ती संस्था चार दिवस थांबेल. मी शुक्रवारच्या गाडीनं येते. मागची खोली, जिना, कोपरा, काहीही चालेल, आणि तुम्ही कंटाळेपर्यंत राहीन. मी काही औषध नाही, हा आजार बरा होणारा नाही, एवढं औषधवालीला कळतं. पण तुम्हाला झोप मिळेल आणि हिचा हात कुलपावर आपटणार नाही. शनिवारी पहाटे ते कुलूप मात्र काढून ठेव.

आणि शिट्टी, तुझ्यासाठी एवढंच. तू मला ओळखशीलच असं नाही. नाही ओळखलंस तर मी रागावणार नाही, फुगून बसण्याइतका वेळ आता आपल्या दोघींकडेही नाही. पूर्वी तू बाहेरून कडी वाजवायचीस आणि मी आत असायची. आता तू आतून वाजवतेस, म्हणजे मी बाहेर असले पाहिजे. हरकत नाही, तिकडचा सगळा रस्ता माझं अंगण आहे असं समजू. तुला जाग येण्याआधी मी मागच्या दारानं निघेन, दोन्ही पायांत बूट घालून, आणि तुझ्या फाटकाबाहेर येऊन उभी राहीन. तू नेहमीसारखी ये. दोनदा भराभर, मग थांबून एकदा. हाक मार. मी म्हणेन, आले गं, आले! आणि जन्मात पहिल्यांदा ते खरं असेल.

तुझीच,
गोळी
(१-०-०, चालण्याआधी)